‘माहीत नाही’च्या रकान्यातल्या बायका

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात केलेले भाषण)



एम.एस.डब्ल्यू.च्या दुसऱ्या वर्षाला असताना मी पाहणीसाठी एका वस्तीत फिरत होते. हातात छापील प्रश्नावली. बाई दारात यायची, प्रश्न ऐकायची आणि म्हणायची, ‘ते आले की त्यांनाच विचारा.’ मी ‘माहीत नाही’च्या रकान्यात खूण करायची आणि पुढचं दार गाठायची. आमच्या मार्गदर्शक बाईंनी ते कागद चाळले आणि एवढंच विचारलं, ‘यांना माहीत नाही, की तू थांबली नाहीस?’

अमेरिकेतल्या जनमत चाचण्यांवर बोल, असं तुम्ही सांगितलंत तेव्हा मला पहिल्यांदा तो रकानाच आठवला.

१९३६ची गोष्ट बहुतेकींनी ऐकली असेल. ‘लिटररी डायजेस्ट’ या साप्ताहिकाने अध्यक्षपदाच्या निवडणुकीआधी सुमारे एक कोटी मतपत्रिका टपालाने पाठवल्या. वीस लाखांवर परत आल्या. त्यावरून त्यांनी सांगितलं, लँडन जिंकणार. प्रत्यक्षात रूझवेल्ट यांनी ४८पैकी ४६ राज्यं जिंकली! नावं काढली होती टेलिफोनच्या आणि मोटारमालकांच्या याद्यांतून. मंदीच्या त्या दिवसांत फोन आणि मोटार कोणाकडे असणार? जॉर्ज गॅलप यांनी मात्र कितीतरी कमी माणसांना विचारून निकाल बरोबर सांगितला. किती जणांना विचारलं यापेक्षा कोणाला विचारलं हे महत्त्वाचं, हा धडा तेव्हापासून पाठ्यपुस्तकात आहे.

पण पाठ्यपुस्तक तिथेच थांबतं. मला पुढचं सांगायचं आहे. गॅलप यांनी तरी कोणाला विचारलं? त्यांचा नमुना मतदान करणाऱ्यांसारखा असायचा. बायका मतदानाला कमी जातात, म्हणून नमुन्यातही कमी. त्या काळातल्या त्यांच्या चाचण्यांत सुमारे दोन तृतीयांश पुरुष असत. दक्षिणेतल्या काळ्या लोकांना मतदान करूच दिलं जात नव्हतं, म्हणून ते नमुन्यात जवळजवळ नाहीतच. आणि वर्तमानपत्रात बातमी काय यायची? तर ‘अमेरिकेला असं वाटतं’. बायकांना देशभर मताचा हक्क मिळाला १९२० साली, पण त्यांचं मत निम्म्याने मोजलं जावं यासाठी झगडत बसावं लागणार आहे, हे तेव्हा कोणाच्या लक्षातही आलं नव्हतं.

१९३७ साली गॅलपच्या चाचणीत एक प्रश्न होता. त्याचा आशय असा : बाकी सगळ्या बाबतीत लायक असेल, तर तुम्ही बाईला अध्यक्षपदासाठी मत द्याल का? ३३ टक्के ‘हो’ म्हणाले. हा आकडा पुष्कळ ठिकाणी सापडतो, प्रश्नाकडे मात्र फारसं कोणी बघत नाही. ‘बाकी सगळ्या बाबतीत’ म्हणजे काय? म्हणजे बाई असणं ही एक नालायकी धरूनच चाललो आहोत, आता उरलेलं तपासू या. उत्तर देणाऱ्याच्या आधी प्रश्नानेच मत देऊन टाकलं होतं. पुढे प्रश्नाची शब्दरचना बदलली, काळही बदलला आणि १९९९ साली ९२ टक्के ‘हो’ म्हणाले. यातलं किती मनापासून आणि किती समोरच्याला बरं वाटावं म्हणून, हे आकडा सांगत नाही. (आपल्याकडे हुंड्याबद्दल विचारून बघा. घेणारा एकही सापडणार नाही.)

तरी चाचण्या म्हणजे नुसती फसवणूक, असं मी म्हणणार नाही. १९८०च्या निवडणुकीत रेगन यांना पुरुषांपेक्षा बायकांचा पाठिंबा सुमारे आठ टक्क्यांनी कमी होता, हे मतदान करून बाहेर पडणाऱ्यांना विचारूनच कळलं. तिथल्या स्त्री-संघटनांनी तो आकडा उचलला आणि पक्षांपुढे ठेवला. नवऱ्यामागे मत टाकणारी बाई, ही समजूत त्या आकड्याने खिळखिळी केली.

मत तयार कसं होतं, याचं मला सगळ्यात बोलकं वाटणारं उदाहरण १९९१चं आहे. क्लॅरेन्स थॉमस यांची सर्वोच्च न्यायालयावर नेमणूक व्हायची होती. कायद्याच्या प्राध्यापक अनिता हिल यांनी सांगितलं की, हाताखाली काम करताना थॉमस यांनी आपला लैंगिक छळ केला. थॉमस यांनी ते साफ नाकारलं. चौकशी करणाऱ्या समितीत १४ सिनेटर, सगळे पुरुष, सगळे गोरे. प्रश्न असे की जणू आरोपी हिलच. हे सारं घराघरांत टीव्हीवर दिसत होतं. लगेच चाचण्या झाल्या. थॉमस खरं बोलतात म्हणणारे जास्त निघाले, आणि त्यात बायकाही होत्या. ५२ विरुद्ध ४८ मतांनी नेमणूक झाली.

वर्षभराने पुन्हा विचारलं, तर हिलवर विश्वास ठेवणाऱ्यांचं पारडं जड झालं होतं. मधल्या काळात दुसरी चौकशी झाली नव्हती. झालं होतं ते एवढंच की, बायका एकमेकींशी बोलल्या. कचेरीत, स्वयंपाकघरात, ‘माझ्याही बाबतीत’ असं म्हणाल्या. लैंगिक छळाच्या सरकारदरबारी होणाऱ्या तक्रारी खूप वाढल्या. १९९२च्या निवडणुकीत सिनेटवर चार नव्या स्त्रिया निवडून आल्या. त्यांतल्या कॅरोल मोझली ब्राउन या सिनेटवर गेलेल्या पहिल्या काळ्या स्त्री. पक्षांतर्गत निवडणुकीत त्यांनी ज्यांना हरवलं, त्या सिनेटरनी थॉमस यांच्या बाजूने मत दिलं होतं. मग पहिली चाचणी खोटी होती का? नाही. ती त्या आठवड्याची होती. बायकांनी अजून बोलायचं होतं.

आता तिथे फोन उचलणारेच उरले नाहीत. प्यू संशोधन केंद्राच्या फोन-पाहण्यांना १९९७ साली ३६ टक्के प्रतिसाद होता, २०१८ साली ६ टक्के. न बोलणाऱ्यांची भर गणिताने घातली जाते. २०१६ साली अनेक राज्यांतल्या चाचण्यांत कमी शिकलेल्यांचा हिशोब नीट धरला नव्हता. ट्रम्प यांचा विजय अनपेक्षित वाटला, त्याचं हे एक कारण.

पुढच्या महिन्यात आपण बारा गावांत पाहणी करणार आहोत आणि तो अहवाल घेऊन पंचायत समितीत बोलणार आहोत. प्रश्नावलीचा मसुदा तुमच्या हातात आहे. त्यातला सातवा प्रश्न वाचा : ‘घरचं सगळं सांभाळून बाईने सरपंच व्हावं असं तुम्हाला वाटतं का?’ हा प्रश्न मीच लिहिला आहे. काल रात्री हे भाषण तयार करताना माझ्या लक्षात आलं. चहा झाला की आधी तोच घेऊ. आणि ‘त्यांनाच विचारा’ म्हणणाऱ्या बाईपाशी किती वेळ थांबायचं, तेही आजच ठरवू. त्यासाठी एका दिवसात वीसऐवजी आठच घरं होणार असतील तर फॉर्म कमी भरतील, हे निधी देणाऱ्यांना कोणी सांगायचं, तेही.