काना बारीक होऊ द्यायचा नाही

(या भागाचं लेखी रूप. बोलण्यातली वाक्यं बरीचशी तशीच ठेवली आहेत.)

आजचा विषय अक्षरांचा आहे. साहित्य वगैरे नाही, अक्षराचा आकार. टायपोग्राफी. मी डिझायनर नाही हे आधीच सांगतो. बीटेक केलं, पुण्यात फ्रंटएंडचं काम करतो. गाव माकणी, तालुका लोहारा, जिल्हा धाराशिव. निम्न तेरणा धरण म्हटलं की काही जणांना कळतं, ते आमच्याकडचं.

डिझाइनवाले मित्र विचारतात, प्रेरणा कुठून घेतोस? मी बिहान्स, पिंटरेस्ट, स्विस पोस्टर असं काहीतरी सांगावं अशी अपेक्षा असते. ते मीही बघतो, खोटं कशाला बोलू. पण तिथलं बहुतेक सगळं रोमन लिपीसाठी केलेलं असतं. रोमन अक्षरं खालच्या रेषेवर उभी असतात, आपली वरच्या रेषेला टांगलेली असतात. हा फरक पोटात घेतल्याशिवाय तिथलं उचललं की घोळ होतो. इंग्रजी शीर्षकात अक्षरं जरा लांब लांब ठेवली की रुबाबदार दिसतं. तेच सीएसएसमधलं लेटर-स्पेसिंग मराठीला लावा, शिरोरेखा तुटते आणि ओळ दात पडल्यासारखी दिसते.

हे नुसतं दिसण्यापुरतं असतं तर मी एवढं बोललो नसतो. गेल्या वर्षी आप्पांनी, म्हणजे वडिलांनी, फोन माझ्यापुढे धरला. पीक विम्याचा अर्ज भरलेला, एका ॲपवर त्याची स्थिती दिसत होती. ॲपचं नाव घेत नाही. आप्पा म्हणाले, "हे अज अपण म्हंजे काय रे?" मी बघितलं. लिहिलं होतं 'अर्ज अपूर्ण'. डबा इंग्रजी अक्षरांच्या उंचीचा. वरचे रफार कापले गेलेले, खालचा दीर्घ ऊकार कापला गेलेला. राहिलं 'अज अपण'. आप्पा सातवी शिकलेत, रोज पेपर वाचतात. वाचणाऱ्यात काही कमी नव्हतं. बँकेच्या पासबुकाची प्रत जोडायची राहिली होती आणि मुदतीला दोन दिवस होते. आम्ही जोडली, झालं ते काम. पण ज्यांच्या घरात त्या दिवशी पुण्याहून कोणी आलेलं नव्हतं, त्यांचं काय झालं असेल, हे माझ्या डोक्यातून जात नाही. तांत्रिक उत्तर साधं आहे : ओळीची उंची वाढवा आणि डब्याची उंची ठोकून बसवू नका.

तेव्हापासून मी गावाकडच्या पाट्या बघायला लागलो. आमच्या भागात एक पेंटरकाका आहेत. त्र्याण्णवच्या भूकंपानंतर इकडे पुनर्वसनाच्या वसाहती उभ्या राहिल्या, तेव्हा शाळांच्या, दवाखान्यांच्या, सोसायट्यांच्या पाट्या रंगवायचं काम त्यांना मिळालं आणि त्यावरच त्यांचा हात बसला. पुढे फ्लेक्स आला. आता साठी उलटलीये, मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय, शिडीवर चढत नाहीत. मी फोटो काढत फिरतोय म्हटल्यावर म्हणाले, "जुन्या पाट्याचं काय करायलास रे लेका? कोण बघतंय आता."

मी बघतोय. आणि एक गोष्ट जी मला ट्युटोरियलमधून कळली नव्हती, ती त्यांच्या पाटीवर कळली. समजा दुकानाचं नाव आहे 'श्री तुळजाभवानी कृषी सेवा केंद्र' आणि पाटी आहे अरुंद. फ्लेक्सवाला काय करतो? कॉम्प्युटरवर ओळीचा कोपरा धरतो आणि दाबतो. ओळ मावते. पण आडवं दाबलं की उभ्या रेषा बारीक होतात आणि शिरोरेखा जाडच राहते. छप्पर जड, खांब काडीसारखे. काका दाबत नाहीत, ते अक्षर नव्यानं काढतात. पोट आत घेतात, दोन अक्षरांतली जागा कमी करतात, कान्याची जाडी तीच ठेवतात. त्यांच्या भाषेत, "काना बारीक होऊ द्यायचा नाई. काना म्हंजी खांब."

आता मुंबईत या. एक टाइप नावाचा गट आहे : सारंग कुलकर्णी, नूपुर दात्ये, गिरीश दळवी आणि त्यांचे सहकारी. मुक्ता, बलू, मोदक हे फॉन्ट त्यांचेच, फुकट आणि मुक्त परवान्याचे. मोदक तर असला गुटगुटीत की अक्षराच्या आतली मोकळी जागा म्हणजे नुसती बारीक रेघ. २०२२ मध्ये त्यांनी 'अनेक' आणला. नऊ भारतीय लिप्या आणि रोमन, आणि प्रत्येकीत रुंदी कमी-जास्त करायची सोय. हा व्हेरिएबल फॉन्ट आहे. रुंदीचं मूल्य कमी केलं की अक्षर दाबलं जात नाही, डिझायनरनं काढून ठेवलेल्या अरुंद रूपाकडे सरकतं आणि काना उभा राहतो. मी ते पहिल्यांदा ब्राउझरमध्ये चालवलं तेव्हा मला काकाच आठवले. दोघांची कधी भेट नाही, पण उत्तर एकच.

जिल्ह्याचं नाव २०२३ मध्ये बदललं, तेव्हाही एक गंमत बघायला मिळाली. फ्लेक्सवर एक शब्द बदलायचा तर अख्खा फ्लेक्स नवा. रंगवलेल्या पाटीवर तेवढाच तुकडा खोडून नवा लिहिता येतो. काकांनी दुकानाबाहेर स्टुलावर बसून असे बरेच तुकडे केले. बाकी पाटी उन्हानं विटलेली आणि कोपऱ्यात 'धाराशिव' टवटवीत.

त्या नावातला 'श' बघा. मराठी वळणाचा श देठाचा असतो, हिंदी वळणाचा गाठीचा. 'ल'चंही तसंच, आपला पाकळीचा, तिकडचा दंडाचा. शासनानंही नोव्हेंबर २०२२ च्या निर्णयात देठयुक्त श आणि पाकळीयुक्त ल हेच धरलेत. काका आयुष्यभर देठाचा श काढत आले. फोनवर मात्र बहुतेक वेळा गाठीचा दिसतो, कारण युनिकोडमध्ये दोन्हींना क्रमांक एकच आहे. कुठलं रूप दाखवायचं हे फॉन्ट ठरवतो, आणि नोटो सान्स देवनागरीसारख्या फॉन्टात मराठी रूपं आत असतातच, फक्त मागावी लागतात. एचटीएमएलमध्ये भाषेच्या जागी 'एमआर' लिहा, अक्षरं बदलतात. दोन अक्षरांचं काम. मराठी साइटी उघडून सोर्स बघा, किती जणांनी तिथे इंग्रजीचं 'ईएन' तसंच ठेवलंय. मला याचा राग येतो, येऊ द्या.

आमच्या तालुक्याचं नाव आणखी एक परीक्षा घेतं. 'लोहाऱ्याला' लिहिताना आडवा अर्धा र लागतो, तिथे रफार देऊन चालत नाही. दऱ्या म्हणजे डोंगरातल्या आणि दर्या म्हणजे समुद्र, हा फरक त्या एका चिन्हावर टिकून आहे. नवा फॉन्ट घेतला की मी पहिल्यांदा 'लोहाऱ्याला' टाइप करतो. तिथे फॉन्ट अडखळला की पुढे बघतच नाही.

मोठी नावं आहेतच. र. कृ. जोशी, विंडोजमधला मंगल फॉन्ट त्यांचा. कमल शेडगे, ज्यांनी नाटकांच्या जाहिरातीत शीर्षकालाच नट केलं. अच्युत पालव, मोडीच्या वळणांतून नवं काही काढणारे, २०२५ मध्ये पद्मश्री मिळाली. यांच्यावर वेगळा भाग करू, इथे घाईत उरकणं बरं नाही.

सध्या मी काय करतोय ते सांगतो आणि थांबतो. एकतीस पाट्यांचे फोटो झालेत, त्यातल्या चार पाट्या मधल्या काळात उतरल्यासुद्धा. काकांकडून कागदावर ब्रशनं स्वर आणि व्यंजनं काढून घेतलीत, त्यांचा फॉन्ट करायचा आहे. जोडाक्षरं धरून शेकडो आकार लागतात, म्हणजे काम लांबणार. आणि काका कागदावर वैतागलेत. म्हणाले, "कागदावर हात चालंना. भीत दे." म्हणून दिवाळीत आमच्या गोदामाची भिंत द्यायचं ठरलंय. चुना मारून झालाय. खालची अर्धी भिंत ते उभ्यानं लिहिणार, वरचं सूत धरायला शिडीवर मी. ळ कुठल्या वळणाचा काढायचा यावर अजून आमचं एकमत नाही.

चला, प्रश्न असतील तर घेऊ.