तीन मुलांची शाळा आणि पन्नास वर्षांची वाटचाल



संस्थेचा सुवर्णमहोत्सव हा जसा आनंदाचा, तसाच आत्मपरीक्षणाचाही प्रसंग असतो. पन्नास वर्षांत किती वास्तू उभ्या राहिल्या, किती निधी जमला, याचा हिशेब ताळेबंदात मांडता येतो. परंतु संस्थेमुळे कोणाच्या आयुष्यात कोणता फरक पडला, हे ताळेबंदात मावत नाही. या दृष्टीने मुंबई नगरीतीलच एका सेवासंस्थेचा इतिहास मननीय आहे. 'स्पॅस्टिक्स सोसायटी ऑफ इंडिया' हे तिचे मूळ नाव. २ ऑक्टोबर १९७२ रोजी स्थापन झालेल्या या संस्थेने २०२२ साली पन्नास वर्षे पूर्ण केली.

ज्या मुलांसाठी ही संस्था जन्मास आली, त्यांची व्यथा प्रथम समजून घेणे आवश्यक आहे. 'सेरेब्रल पाल्सी' म्हणजे मेंदूचा पक्षाघात. गर्भावस्थेत, जन्माच्या वेळी अथवा जन्मानंतरच्या आरंभीच्या काळात बालकाच्या विकसनशील मेंदूस इजा पोहोचते आणि स्नायूंवरील नियंत्रण बिघडते. अपुऱ्या दिवसांचा जन्म, प्राणवायूचा अभाव, नवजात बालकाची तीव्र कावीळ, मेंदूज्वर अशी त्याची अनेक कारणे आहेत. दर हजार जन्मांमागे साधारणतः दोन ते तीन बालकांना ही अवस्था प्राप्त होते. विल्यम लिटल या इंग्रज शल्यविशारदाने एकोणिसाव्या शतकातच तिचे सविस्तर वर्णन केले होते. मेंदूची इजा पुढे वाढत नाही आणि हा विकार संसर्गजन्यही नाही. तो कोणाच्या पापाचे फळ नाही, की मातेचा दोषही नाही. विशेष लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी की, काही मुलांच्या बुद्धीवर परिणाम होत असला तरी अनेकांची बुद्धी सर्वसामान्य, क्वचित तल्लखही असते. हात थरथरतो, शब्द अडखळतो, लाळ आवरत नाही. आणि पाहणारा मात्र 'याला काही समजत नाही' असा निवाडा तत्काळ देऊन मोकळा होतो.

असाच निवाडा मालिनी चिब या बालिकेच्या वाट्यास आला होता. तिचा जन्म १९६६ साली कोलकात्यात झाला. जन्मसमयी मेंदूस प्राणवायू कमी पडला आणि आयुष्यभराचे अपंगत्व आले. उपचार आणि शिक्षण यांसाठी कुटुंब इंग्लंडला गेले. त्या देशात तीन पालक आणि एक समाजसेविका यांनी १९५२ साली अशा मुलांसाठी संस्था स्थापन केलेली होती. योग्य शाळा आणि प्रशिक्षित शिक्षक लाभल्यास मूल किती प्रगती करते, हे मालिनीच्या आईने, मिथू अलूर यांनी, तेथे प्रत्यक्ष पाहिले आणि विशेष शिक्षणाचे प्रशिक्षणही घेतले. मायदेशी परतल्यावर मात्र मुंबईसारख्या महानगरातही तिच्यासाठी शाळा नव्हती. व्यायामोपचार हवा तर रुग्णालय गाठावे, आणि शिक्षणाचा विचार सोडून द्यावा, अशी त्या काळची अवस्था होती.

या मातेने आपल्या एका मुलीची सोय लावून समाधान मानले नाही. १९७२ च्या गांधी जयंतीला कुलाब्यात अवघ्या तीन मुलांना घेऊन विशेष शिक्षण केंद्र सुरू झाले. उपचार आणि शिक्षण एका छताखाली, हेच त्याचे वैशिष्ट्य होते. अक्षरओळखीइतकाच व्यायामोपचार, वाचोपचार आणि दैनंदिन कामांचे शिक्षण यांना दिनक्रमात मान होता. मुलाला आधार देणारी खास खुर्ची, हातात पकडता येईल असा चमचा, बोलता न येणाऱ्यासाठी चित्रांचा वा अक्षरांचा फलक अशा लहान दिसणाऱ्या साधनांनी मोठी दारे उघडली. सुप्रसिद्ध अभिनेत्री नर्गिस दत्त या संस्थेच्या पहिल्या आश्रयदात्या होत्या. त्यांच्यासारखी व्यक्ती या मुलांच्या पाठीशी उभी राहिल्याने, ज्या विषयावर घराघरांत पडदा ओढला जात असे, तो चारचौघांत बोलला जाऊ लागला.

मुंबईच्या या कार्यातून अन्य नगरांनीही प्रेरणा घेतली. कोलकात्यात १९७४, दिल्लीत १९७८, बंगळुरूत १९८० आणि चेन्नईत १९८५ असा संस्थांचा विस्तार होत गेला. मूळ संस्थेने त्यांना आपल्या शाखा म्हणून बांधून ठेवले नाही. त्या स्वतंत्रपणे वाढल्या. पुढे कोलकात्याची संस्था 'इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सेरेब्रल पाल्सी' या, तर चेन्नईची संस्था 'विद्यासागर' या नावाने नावारूपास आली. मुंबईत कुलाबा व वांद्रे येथील केंद्रांसोबतच धारावीच्या वस्तीतही काम पोहोचले. कारण हा आजार श्रीमंत-गरीब असा भेद पाहत नाही, मात्र उपचार तो भेद पाहतात.

या इतिहासातील सर्वांत बोधप्रद भाग याच्यापुढे आहे. स्वतंत्र विशेष शाळा यशस्वी झाली असतानाच संस्थेने स्वतःलाच प्रश्न विचारला : या मुलांना इतर मुलांपासून वेगळे ठेवणे, हे त्यांच्या हिताचे आहे काय? मिथू अलूर यांनी लंडन विद्यापीठात पीएच.डी.साठी संशोधन केले. त्याचा विषय होता, अंगणवाडी चालविणाऱ्या एकात्मिक बालविकास योजनेतून अपंग बालके कशी वगळली जातात. योगायोग असा की ती योजनाही २ ऑक्टोबरलाच, १९७५ साली सुरू झाली होती. गावोगावी पोहोचलेल्या योजनेच्या नोंदवहीत या बालकांचे नावच नव्हते. मग विशेष शाळेच्या जोडीने, सर्वसाधारण शाळांची दारे या मुलांसाठी उघडावीत, हे संस्थेचे ध्येय झाले. 'स्पॅस्टिक' हा शब्द पुढे हेटाळणीचा ठरल्याने इंग्लंडमधील संस्थेने १९९४ साली आपले नाव बदलले. मुंबईच्या संस्थेनेही कालांतराने 'अडॅप्ट' हे नाव स्वीकारले. सक्षम आणि अपंग सर्वजण एकत्र, असा त्याचा आशय आहे. स्वतःच्या नामफलकावरील अक्षरे पुसण्यास मोठे मन लागते.

आणि ती बालिका? मालिनी चिब सेंट झेवियर्स महाविद्यालयातून पदवीधर झाल्या, लंडनमध्ये त्यांनी दोन पदव्युत्तर पदव्या संपादन केल्या आणि मुंबईतील एका पुस्तकदालनात कार्यक्रम-व्यवस्थापनाची जबाबदारी सांभाळली. एका बोटाने टंकलेखन करून त्यांनी आत्मकथन लिहिले. 'वन लिटल फिंगर' हेच त्याचे नाव.

समाजाची दृष्टी बदलली तसा कायदाही बदलला. अपंग व्यक्तींसाठी १९९५ साली कायदा झाला; त्याची जागा २०१६ च्या दिव्यांगजन हक्क कायद्याने घेतली आणि मान्य अपंगत्वांची संख्या ७ वरून २१ झाली. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्याने स्वमग्नता, मेंदूचा पक्षाघात, मतिमंदत्व आणि बहुविकलांगता असलेल्यांचा विशेष विचार केला. 'आमच्यानंतर याचे कसे होईल?' हा प्रश्न अशा प्रत्येक माता-पित्याची झोप उडवितो. मूल १८ वर्षांचे झाल्यावर, आवश्यक असल्यास, जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील स्थानिक समितीमार्फत कायदेशीर पालक नेमण्याची तरतूद या कायद्यात आहे. याच न्यासाची 'निरामय' ही आरोग्य विमा योजनाही आहे. या सोयी अनेक कुटुंबांना ठाऊकच नसतात. माहिती पोहोचविणे हेही दानच होय.

या सर्व वाटचालीचे सार एकच आहे. दानाने सुरुवात होते. परंतु दानापाशी थांबणारी सेवा अपुरी राहते. वाढदिवसाला मिठाई वाटून, छायाचित्र काढून परतणे सोपे आहे. त्याच मुलाला आपल्या मुलाच्या वर्गात, विवाहसमारंभाच्या पंगतीत आणि दुकानाच्या गल्ल्यावर जागा देणे, ही खरी कसोटी होय. सभागृहाच्या पायऱ्यांशेजारी एक उतार बांधण्यास खर्च फार येत नाही. तो नसेल तर चाकाच्या खुर्चीवरील माणूस दाराशीच थांबतो, आणि त्याच्यासह त्याची आईही समारंभास यावयाचे सोडून देते. पुढे त्या घरचे निमंत्रणही हळूहळू बंद होते.

सुवर्णमहोत्सवी वर्षात प्रत्येक कुटुंबाने एवढाच संकल्प करावा : नात्यात, शेजारी अथवा आपल्या पेढीतील कामगाराच्या घरी असे मूल असेल तर त्याची विचारपूस करावी; ते बैठकीच्या खोलीत बसलेले असावे, आतल्या खोलीत नव्हे. १९७२ साली तीन मुलांसाठी दार उघडले गेले. कुठल्याही समाजाला आरंभ करण्यास एक मूलही पुरेसे आहे.