मुलांची प्रभातफेरी
(महोत्सवी सभेत केलेले भाषण)



आमच्या बालवर्गाची प्रभातफेरी वर्षातून तीनदा निघते : २६ जानेवारी, १५ ऑगस्ट आणि १७ सप्टेंबर. एकदा सप्टेंबरात एका चिमुरड्याने विचारले, "गुरुजी, झेंडा तर गेल्या महिन्यातच लावला, मग पुन्हा का?" आम्ही म्हणालो, "चल, रांग मोडू नकोस." ही आमची चूक. ते राहिलेले उत्तर आज देतो.

१५ ऑगस्ट १९४७ रोजी देश स्वतंत्र झाला. पण बीदर व गुलबर्गा हे आपले जिल्हे निजामाच्या राज्यातच राहिले. त्याच दिवशी स्वामी रामानंद तीर्थांना हैदराबादेत अटक झाली. बसवकल्याणजवळच्या गोरटा गावाने पुढील वर्षी रझाकारांचा घाला सोसला. अखेर १७ सप्टेंबर १९४८ रोजी निजामाने शरणागती पत्करली. म्हणजे स्वातंत्र्य आपल्या उंबरठ्याशी तेरा महिने उशिरा आले. मुलांना एवढेच सांगावे : "बाळा, जो झेंडा धरणे पणजोबांच्या काळी गुन्हा होता, तो घेऊन तू भर रस्त्याने चालतो आहेस."

मात्र या गोष्टीतून द्वेष शिकवू नये. भारतात विलीन व्हावे असे निर्भयपणे लिहिणारे संपादक शोएबुल्लाखान यांचा ऑगस्ट १९४८ मध्ये खून झाला, हेही मुलांनी ऐकावे. आणि त्या सप्टेंबरानंतर आपल्याच भागात अनेक निरपराध मुसलमान कुटुंबे होरपळली, हे मोठ्यांनी तरी विसरू नये. फेरीत सर्वांची मुले हातात हात घालून चालतात, यातच सारे आले.

आता व्यवहाराच्या दोन गोष्टी. पाच वर्षांच्या मुलाला डावे-उजवे कळत नाही. "जेवतोस तो हात उजवा" म्हटले की कळते. वाट थोडी असावी, ऊन चढण्यापूर्वी फेरी परतावी. घोषणा मराठीत द्यावी, कानडीत द्यावी. पण अर्थ सांगून द्यावी. वाटेत एखाद्या वृद्धाच्या दारी थांबून त्यांच्याकडून जुनी आठवण ऐकवावी. फेरी संपल्यावर एकही झेंडा धुळीत पडलेला नको. ते वेचून नीट ठेवणे हा अखेरचा पाठ, मग लाडू.

पालकहो, पुढच्या १७ सप्टेंबरला मूल घरी आले की विचारा, "आज का चाललास?" त्याला सांगता आले नाही, तर दोष आमचा समजा.

जय हिंद!