आमच्या घरची डिसेंबरातली दिवाळी



आपलं संमेलन नाताळातच का, असं मघाशी कुणीतरी विचारलं. अहो, आम्हां परदेशातल्यांना रजा तेव्हाच मिळते! न्यू जर्सीत दिवाळी बहुधा कामाच्या दिवशी येते. मग लक्ष्मीपूजन ऑफिसातून आल्यावर आणि फराळ शनिवारी. डिसेंबरअखेर मात्र बऱ्याच कंपन्या चालू सॉफ्टवेअरला हात लावायचं थांबवतात. निम्मी माणसं रजेवर, काही बिघडलं तर निस्तरणार कोण? तेवढ्यात आम्ही विमान गाठतो.

'नाताळ' हा शब्द आपल्याकडे पोर्तुगीजांकडून आला. वर्गातल्या ख्रिस्ती मैत्रिणींकडे तो येशूच्या जन्माचा सण. आमच्या घरी त्या दिवसांत चकल्या तळतात. आई आकाशकंदील माझ्यासाठी डिसेंबरपर्यंत उतरवत नाही. लोकांना तो ख्रिसमसचा वाटतो. तिला चालतं.

आई आता ७८ वर्षांची आहे. वर्षाला दोन आठवडे, म्हणजे अजून किती, हा हिशेब मी इंजिनिअर असूनही मांडत नाही. यंदा तिला ओट्याशी उभं राहवेना. सोऱ्या मी फिरवला. खुर्चीत बसून ती म्हणाली, "मोहन कमी पडलंय."

डबा आणलाय. मधल्या सुट्टीत या.