उद्यानाची तारीख



सरकारी काम आणि वेग हे दोन शब्द एकत्र उच्चारले की ऐकणाऱ्याच्या चेहऱ्यावर हसू उमटते. नांदेडच्या नागरिकाने तरी असे हसू नये. श्री गुरू गोविंदसिंगजींनी १७०८ साली नांदेड येथे गुरू ग्रंथसाहिबाला गुरुगादी बहाल केली. त्या घटनेला ऑक्टोबर २००८ मध्ये तीनशे वर्षे पूर्ण होणार होती. ही तारीख कोणत्याही मंत्र्याला, कोणत्याही अभियंत्याला पुढे ढकलता येण्याजोगी नव्हती. डिसेंबर २००५ मध्ये सुरू झालेल्या जवाहरलाल नेहरू नागरी पुनर्निर्माण अभियानात मुंबई, पुणे, नागपूर, नाशिक यांच्या पंक्तीत नांदेडला स्थान मिळाले. रस्ते, पूल, मलनिःसारण, गोदाकाठचे घाट, शिवाय विमानतळ, अशा कामांनी शहर गजबजून गेले. एरवी अशी कामे दोन-दोन निवडणुका पाहतात. इथे त्यांतील बरीचशी तीन वर्षांच्या आत उभी राहिली. यंत्रणा तीच होती, माणसेही तीच होती. समोर तारीख होती, एवढाच फरक.

सार्वजनिक उद्यानाला मात्र अशी तारीख नसते. पूल रखडला तर वाहने अडतात आणि वर्तमानपत्रात छायाचित्र येते. उद्यान रखडले तर कोणाचे काही अडत नाही, असा आपल्याकडे समज आहे. वास्तविक अडते ते बोलू न शकणाऱ्यांचे. दोन खोल्यांच्या घरात मुलाच्या अभ्यासाला जागा मिळावी म्हणून सायंकाळी बाहेर पडणारे आजोबा, दिवसभराच्या रहाटगाडग्यातून अर्धा तास मोकळा श्वास घेऊ पाहणारी गृहिणी, रस्त्यावर चेंडू खेळणारी मुले, ही मंडळी मोर्चा काढत नाहीत. राज्यघटनेच्या ७४ व्या दुरुस्तीने जोडलेल्या बाराव्या अनुसूचीत उद्याने, बागा व क्रीडांगणे यांचा स्वतंत्र उल्लेख आहे. म्हणजे हे काम हौसेचे खास नव्हे.

विलंबाची खरी किंमत कायद्यात दडलेली आहे, आणि ती फार थोड्यांना ठाऊक असते. विकास आराखड्यात एखादी जागा उद्यानासाठी आरक्षित झाली म्हणजे ती कायमची वाचली, असे लोक धरून चालतात. महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६ चे कलम १२७ निराळे सांगते. आराखडा अमलात आल्यापासून दहा वर्षांत जागा संपादित झाली नाही, तर मालकाला नोटीस देता येते. आणि त्या नोटिशीनंतर २४ महिन्यांत संपादनाची पावले पडली नाहीत, तर आरक्षण व्यपगत होते. यात मालकाचा दोष नाही. स्वतःची जमीन दहा वर्षे अडकून पडलेल्या माणसाला न्याय मिळालाच पाहिजे. दोष आहे तो फाईल दाबून बसणाऱ्याचा. बंगळुरूमध्ये उद्यानासाठी राखलेली जागा खाजगी शुश्रूषागृहाला देण्याचा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने १९९१ साली बेकायदा ठरवला होता. तिथे निदान जागेचे उद्यान म्हणून असलेले स्थान शाबूत होते. आरक्षणच विरून गेले, तर न्यायालयात जाऊन मागायचे काय?

तेव्हा घाई हवीच. प्रश्न आहे तो घाई कोठे करायची याचा. आज ती नेमकी नको तिथे होते. वर्षभर निविदा रेंगाळते आणि मार्चअखेर जवळ आली की निधी परत जाण्याच्या भीतीने कंत्राटदाराची माणसे रात्रंदिवस राबू लागतात. मराठवाड्याची काळी जमीन पावसात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. ती खोदून, मुरूम भरून, पाणी मारून, धुम्मस करून बसवल्याशिवाय तिच्यावर पायवाट टिकत नाही. मार्चमधल्या घाईत ही पायरीच गाळली जाते. मग दोन पावसाळ्यांत फरशा वर येतात आणि सकाळी फिरायला येणारे ज्येष्ठ ठेचकाळतात. काँक्रीटवर किमान सात ते दहा दिवस पाणी मारावे लागते. एप्रिलच्या उन्हात, टंचाईच्या गावात, ते कोण मारणार? झाडांच्या बुंध्यापर्यंत काँक्रीट ओतण्याची रीत तर सर्वत्र आहे. राष्ट्रीय हरित लवादाने २०१३ साली दिल्लीतील झाडांभोवतीचे एक मीटरपर्यंतचे काँक्रीट काढण्याचा आदेश दिला होता. ज्या झाडाच्या सावलीसाठी बाक ठेवायचा, त्याचाच गळा आवळायचा, यापरते अडाणीपण दुसरे नाही. कोनशिला मात्र वेळेवर बसते.

लातूरचा विचार तर याहून गंभीरपणे करायला हवा. गंजगोलाईतून सोळा रस्ते काढणाऱ्या या शहराची मांडणीच व्यापारासाठी झाली. महानगरपालिका २०११ साली आली. नाना-नानी पार्कसारख्या ठिकाणी सायंकाळी जी गर्दी होते, ती शहराच्या भुकेची खूण आहे. याच शहराला मांजरा धरण कोरडे पडल्यावर १२ एप्रिल २०१६ रोजी मिरजेहून आलेल्या रेल्वेने पाच लाख लिटर पाणी पोहोचवले. पिण्याचे पाणी रुळांवरून आणावे लागलेल्या गावात विदेशी हिरवळीचे गालिचे अंथरणे हा वैभवाचा नव्हे, विस्मरणाचा प्रकार होय. कडुनिंब, करंज, चिंच, बहावा, वड, पिंपळ ही इथल्या मातीची झाडे पहिली दोन-तीन वर्षे सांभाळली की पुढे फारसे मागत नाहीत. त्या वर्षांसाठी ठिबक आणि प्रक्रिया केलेले सांडपाणी पुरे. ‘पाणी नाही म्हणून बाग नाही’ ही सबब त्यामुळे टिकत नाही.

इथे नांदेडचा २००८ चा अनुभव कामी येतो. उद्यानालाही अटळ तारीख देता येईल, आणि ती पंचांगात छापलेलीच आहे. दरवर्षी ७-८ जूनच्या सुमारास मृग नक्षत्र लागते. शेतकरी त्या दिवसाआधी नांगरट उरकतो, बियाणे घरात आणून ठेवतो. पालिकेच्या उद्यान विभागानेही त्या तारखेपासून मागे मोजत यावे. मृगाला रोप खड्ड्यात जायचे, तर खड्डे, माती आणि जलवाहिनी मेअखेर तयार हवी, कुंपण त्याआधी, जमिनीची भरणी हिवाळ्यात, निविदा दसऱ्या-दिवाळीपर्यंत निकाली. पायवाटा, बाक, खेळणी, कारंजे पावसाळा सरल्यावर सावकाश होऊ द्यावेत. वेग वाढवायचा तो कागदाचा. झाडाचा वेग कोणाच्या हाती नाही. जपानच्या अकिरा मियावाकी यांची दाट लागवडीची पद्धत जलद म्हणून गाजली. तीतही पहिली दोन-तीन वर्षे निगा चुकत नाही.

पैशाचे काय, असे कोणी विचारील. २०१५ च्या अमृत योजनेत नांदेड आणि लातूर ही दोन्ही शहरे होती, आणि प्रकल्पखर्चाच्या अडीच टक्क्यांपर्यंत रक्कम हरित जागा व उद्यानांसाठी वापरण्याची तीत तरतूद होती. बांधण्यासाठी निधी येतो. माळ्याच्या पगारासाठी येत नाही, ही खरी अडचण. म्हणून निविदेतच तीन वर्षांची देखभाल धरावी आणि झाड जगल्यावरच त्या भागाचे देयक द्यावे. मेलेल्या रोपाचे पैसे कशाला?

यात कार्यकर्त्याने करण्यासारखे काम साधे आहे. पहाटे मैदानावर जाणाऱ्याला मोकळ्या जागेचे मोल शिकवावे लागत नाही. त्याने एकदा नगररचना विभागात जाऊन आपल्या प्रभागाचा विकास आराखडा पाहावा. उद्यानाचे आरक्षण हिरव्या रंगात दाखवलेले असते, त्याला क्रमांक असतो. तो क्रमांक, आराखडा अमलात आल्याचा दिनांक आणि दहा वर्षांची मुदत कधी संपते, एवढे वहीत टिपावे. मालकाची नोटीस आली आहे काय, ते माहितीच्या अधिकारात विचारावे. या सगळ्याला अर्धा दिवस आणि दहा रुपयांचे शुल्क पुरते.