रूटचा पासवर्ड सगळ्यांना ठाऊक

कॉलेजच्या संगणक कक्षातला हा नेहमीचा वाद. विद्यार्थ्याला एखादं सॉफ्टवेअर टाकायचं असतं आणि ॲडमिनचा पासवर्ड द्यायला कुणी तयार नसतं. अमेरिकेतल्या एमआयटीने हा वाद उलट्या बाजूने सोडवला.

१९८३ साली डीईसी आणि आयबीएम या संगणक कंपन्यांच्या मदतीने तिथे ‘प्रोजेक्ट अथीना’ सुरू झाला. पुढे सार्वजनिक खोल्यांत वर्कस्टेशन मांडली गेली आणि त्यांचा रूट पासवर्ड, म्हणजे सर्वाधिकाराची किल्ली, कुणालाही मिळे. ‘टेलमी रूट’ असं टाइप केलं की झालं! वेडेपणा वाटेल, पण नव्हता. यंत्र ज्याच्या समोर आहे, तो खटपट करून त्याचा ताबा घेणारच, हे एमआयटीने आधीच गृहीत धरलं होतं. म्हणून यंत्रावर भरवसा ठेवलाच नाही. फायली सर्व्हरवर आणि ओळख पटवणारी ‘केर्बेरॉस’ ही यंत्रणा वेगळ्या, सुरक्षित सर्व्हरवर. तुम्ही रूट झालात तरी दुसऱ्याच्या फायली उघडत नसत. विंडोज डोमेनवर लॉगिन करताना आजही बहुधा हीच यंत्रणा वापरली जाते.

एक धोका उरतोच. लॉगिनच्या प्रोग्रॅममध्येच कुणी छेडछाड केली, तर पुढच्या माणसाचा पासवर्ड चोरीला जातो. मला ही पळवाट लहान वाटत नाही.

राहिला सॉफ्टवेअर टाकण्याचा प्रश्न. त्यासाठी सर्व्हरवर ‘लॉकर’, म्हणजे फायलींचे कप्पे, असत. हवं ते जोडून घ्यायचं. विद्यार्थ्यांच्या एका मंडळाचंही लॉकर होतं. तिथलं काही बिघडलं, तर दाद मंडळाच्या स्वयंसेवकांकडे मागायची.