सायकलस्वार दिसायला हवा

रात्रपाळी संपवून सायकलने घरी परतणारे कामगार आजही पुष्कळ आहेत. अनेकांचा भरवसा भडक पोपटी जाकिटावर असतो. पण तो रंग झळाळतो सूर्यप्रकाशातल्या अतिनील किरणांमुळे. रात्री ते तेज उरत नाही. अंधारात कामाची ती परावर्तक पट्टी. गाडीच्या दिव्याचा उजेड ती आल्या वाटेनं परत पाठवते, म्हणून चालकाच्या नजरेत भरते. पाठीइतकीच, किंबहुना जास्त, ती घोट्यांवर हवी: पाय वरखाली होताना ती हलते आणि पुढे सायकलवर माणूस आहे हे चटकन ओळखू येतं. मात्र झोत अंगावर पडेपर्यंत पट्टी निरुपयोगीच. म्हणून स्वतःचे दिवे हवेतच, पुढे पांढरा, मागे लाल. कॅरिअरवरच्या डब्याच्या पिशवीनं मागचा दिवा झाकला जात नाही ना, हे आज निघताना जरूर बघा.